लग्न वाळवंटातले, कॅमेरा चिंचवडचा

मैत्रिणींनो, लग्नाचे आमंत्रण आले की आपल्या मनात पहिल्यांदा काय येते? साडी कोणती नेसायची, आहेर काय करायचा आणि मुलांच्या शाळेचे कसे जमवायचे! गेल्या माघात मला जे आमंत्रण आले, त्यात या तिन्हींच्या जोडीला चौथी गोष्ट होती. "बाई, कॅमेरा घेऊनच यायचं हं! माझे फोटो तुम्हीच काढायचे," असे नवरीने स्वतः घरी येऊन बजावले होते.

नवरी म्हणजे आमच्या शेजारच्या भाभींची थोरली लेक. चिंचवडला आम्ही एकाच मजल्यावर राहतो. भाईसाहेबांचा चाकणला लाकडी खोकी बनवण्याचा छोटा कारखाना आहे. आपल्या भागातल्या कंपन्यांची यंत्रे आणि सुटे भाग परगावी जातात ते असल्याच खोक्यांतून. मूळ गाव मात्र जैसलमेरच्या पलीकडे, थेट वाळवंटात. ही मुलगी पाचवीत माझ्या वर्गात होती. मी अर्ध्या वेळेची शिक्षिका, मराठी शिकवते. 'ळ' म्हणताना तिची जीभ कधी अडखळली नाही. मारवाडीतही आपल्यासारखा 'ळ' आहे, हे मला तिच्याकडूनच कळले! आता ती बी. कॉम. होऊन भोसरीतल्या एका ऑफिसात हिशेब लिहिते. जावईही भोसरीतच नोकरीला, पण गाव त्याच बाजूचे. पोटापाण्याचा उद्योग कुठेही असो, लग्न गावच्या अंगणात व्हायचे, अशी त्यांच्या घरची रीत.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणला राजस्थानातली माणसे किती आहेत, ते तुम्हाला मी काय सांगावे? कोपऱ्यावरचे हार्डवेअरचे दुकान, मिठाईचे दुकान, घरात फरशी बसवून देणारे कारागीर, रोज आपली गाठ पडतेच. पिंपरी कॅम्पातली सिंधी कुटुंबे फाळणीनंतर, म्हणजे १९४७ नंतर आली, ती ज्या सिंधमधून आली तिथवर हेच थरचे वाळवंट पसरलेले आहे. वाळवंटातली माणसे अशी आपल्या शेजारी राहतात. आपण मात्र त्यांचे घर कधी पाहिलेले नसते.

ह्यांना रजा मिळेना. वर्षअखेर जवळ आलेली, कंपनीत मालाची घाई. पण सासूबाई म्हणाल्या, "जा गं तू. पोराला बघायला मी आहे." झालं! मी निघाले.

तयारी आणि प्रवास

कॅमेरा तसा ह्यांचा. चिरंजीवांच्या बारशाच्या वेळी हौसेने घेतला, तीन महिने वापरला आणि मग कपाटात गेला. तो मी बाहेर काढला. शाळेचे स्नेहसंमेलन, सोसायटीची मंगळागौर, कुणाचे डोहाळजेवण, सगळीकडे फोटोंचे काम आपसूक माझ्याकडे येऊ लागले. त्यामुळे आपल्याला यातले बरेच कळते, असा माझा थोडा समजही झाला होता. तो समज वाळवंटात उतरला, त्याचीच ही हकीगत.

वाळूचा आणि कॅमेऱ्याचा उभा दावा आहे, असे सगळ्यांनी सांगितले होते. म्हणून दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, रबरबँड, मऊ केसांचा एक नवा ब्रश आणि धुऊन मऊ झालेला सुती रुमाल, असा सरंजाम घेतला. बॅटरी एक जास्तीची घेतली, कारण माघात तिथल्या रात्री कडाक्याच्या थंड असतात आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते. शाल दोन घेतल्या. त्यातली एक माझ्यापेक्षा कॅमेऱ्यालाच जास्त उपयोगी पडली.

रेल्वेने जोधपूर आणि तिथून जीपने पुढे, पोखरणवरून जैसलमेर. पोखरण म्हणजे १९७४ आणि १९९८ मध्ये अणुचाचण्या झाल्या तेच. झाडी विरळ होत गेली. काटेरी केर आणि मधूनच एखादे खेजडीचे झाड तेवढे उरले. पवनचक्क्यांच्या रांगा दिसल्या तेव्हा मला साताऱ्याकडचे पठार आठवले. जैसलमेरचा पिवळ्या दगडाचा किल्ला दुरून पाहिला. ११५६ मध्ये रावळ जैसल यांनी वसवलेला हा किल्ला. अजूनही त्याच्या आत माणसे नांदतात.

आणि मग गाव यायच्या अर्धा मैल आधी एक गंमत झाली. चिंचवडला स्कूटरवरून भाजी आणायला जाणाऱ्या, सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टँकरवरून तावातावाने बोलणाऱ्या आमच्या भाभींनी ओढणी पुढे ओढली आणि बघता बघता त्यांचा चेहरा दिसेनासा झाला. मी चकित होऊन पाहत राहिले. आतून त्यांचा हसण्याचा आवाज आला. "गाव आलं ना!" एवढेच म्हणाल्या.

लेकींना मोकळीक, सुनांना घुंगट

या घराची रीत समजायला मला एक दिवस लागला. घरच्या लेकींना घुंगट नाही. माहेरच्या गावात त्या उघड्या चेहऱ्याने वावरतात. घुंगट सुनांना, आणि तोही सासरे, मोठे दीर, गावातली वडीलधारी मंडळी यांच्यासमोर. त्यामुळे नवरी अंगणभर बागडत होती आणि तिची आई मात्र ओढणीआड होती.

लगेच नाक मुरडू नका बरं! आमच्या सासूबाई खेड तालुक्यातल्या. सासऱ्यांसमोर त्यांच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. त्यांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो आमच्या घरात आहे. त्यात सगळे वऱ्हाड दिसते, वाजंत्री दिसतात, नवरीचे मात्र मुंडावळ्या आणि वाकलेली मान एवढेच दिसते. "तेव्हा मान वर करायची नसते गं," असे त्या सांगतात. म्हणजे त्यांचाही चेहरा त्यांच्याच लग्नाच्या फोटोत नाही.

घर पिवळ्या दगडाचे, अंगण शेणामातीने सारवलेले. त्यावर खडू आणि गेरूने काढलेले मांडणे, अगदी आपल्या रांगोळीची थोरली बहीण. पाण्याचा मात्र हिशेब. पाऊस वर्षाला वीस सेंटीमीटरच्या आतबाहेर, तोही आला तर. अंगणात जमिनीखाली टाके, त्यात साठवलेले पाणी. लग्नासाठी म्हणून टँकर मागवलेला. आपण चिंचवडला नळाला दिवसाआड पाणी म्हणून कुरकुरतो, ते आठवून मी तांब्याभर पाण्यात हातपाय धुतले.

पहिल्या दिवशी विनायकाची स्थापना झाली. मग पीठी. पीठी म्हणजे आपली हळदच, फक्त तिच्यात पीठ आणि तेल कालवून अंगाला चोळतात. दुपारी मायरा आला. हा सोहळा तुम्ही पाहायलाच हवा होता! नवरीचे मामा गावाहून आहेर घेऊन येतात, तो आपल्या बहिणीसाठी, म्हणजे नवरीच्या आईसाठी. बहीण दारात त्यांना टिळा लावते, ओवाळते आणि भाऊ तिच्या डोक्यावर नवी चुनरी घालतात. आपल्याकडे मामा भाचीला मंडपात आणतो. इथे तो आधी बहिणीचा मान करतो. भाभींचे खांदे हलताना दिसत होते. ओढणीच्या आत त्या रडत होत्या. मी फोटो काढला. त्यात भावांचे चेहरे आहेत, बहिणीचा नाही. तरी तो फोटो पाहून कुणालाही सगळे कळते.

दुपारच्या उन्हाने मात्र माझी फजिती केली. पिवळी वाळू, पिवळ्या भिंती, सगळीकडून उजेड अंगावर येणारा. माणसांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे आणि पागोट्याखाली नुसता अंधार. ओसरीच्या सावलीत उंबऱ्याजवळ माणसे बसवली तेव्हा कुठे चेहरे नीट आले. सकाळी नवाच्या आत आणि संध्याकाळी ऊन कलल्यावर, हीच तिथली फोटोंची वेळ.

माझी चूक

आता सांगते ती गोष्ट सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगितली नाही तर या लेखाला अर्थ नाही.

रात्री आतल्या मोठ्या खोलीत फक्त बायकांची गाणी होती. दार लोटलेले, पुरुषांना मज्जाव. बन्ना-बन्नीची गाणी, ढोलक, टाळ्या. घुंगट वर गेले होते आणि दिवसभर ज्यांचे फक्त हात पाहिले, त्या सगळ्यांचे चेहरे मी पहिल्यांदा पाहत होते. त्यात भाभींच्या मोठ्या जाऊबाईंची धाकटी सून होती, विशी-बाविशीची. ती नाचायला उठली. काय नाचली म्हणून सांगू! घागऱ्याचा घेर, हातभर चुडा, आणि चेहऱ्यावर असे हसू की बघणाऱ्याचा शीण जावा. मी फोटो काढले. तिने बघितले आणि लाजून आणखी एक काढायला सांगितले.

रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यातला सगळ्यात सुंदर फोटो मी फोनवर घेतला आणि माझ्या स्टेटसला लावला. वर 'वाळवंटातली लग्नघाई' असे लिहिले. चिंचवडच्या मैत्रिणींना दाखवायचा, एवढाच हेतू. माझ्या फोनमध्ये भाभींच्या घरच्या पुरुषमंडळींचेही नंबर आहेत, हे त्या वेळी डोक्यातच आले नाही. परगावी कामाला असलेल्या एका पुतण्याने तो पाहिला, छान वाटला म्हणून घरच्या ग्रुपवर टाकला. सकाळी चहाच्या वेळेला ओसरीवर बसलेल्या सासऱ्यांच्या आणि जेठांच्या हातात त्यांच्या सुनेचा उघड्या चेहऱ्याचा, नाचतानाचा फोटो होता.

मला कुणी एक शब्द बोलले नाही. मी पाहुणी, त्यातून मास्तरीण! मला कोण बोलणार? बोलणी तिला बसली. सकाळी ती चुलीपाशी होती, डोळे लाल. दुपारच्या गाण्यांना आली नाही. दुसऱ्या रात्री ढोलक वाजले, पण उठून नाचायला कुणी तयार होईना. मी खोलीत शिरले की हळूच चार ओढण्या खाली यायच्या. माझ्या हातात कॅमेरा नसला तरी.

भाभींनीच मला बाजूला घेऊन सगळे सांगितले. मी स्टेटस काढून टाकला होता, पण त्याचा काय उपयोग? तोपर्यंत फोटो किती फोनांत गेला होता कोण जाणे.

मी त्या मुलीची माफी मागायला गेले. ती पीठ मळत होती. "आपने तो अच्छे मन से डाला होगा," म्हणाली आणि पुन्हा पिठाकडे वळली. मला भरून आले. मग मनाचा हिय्या करून मी भाईसाहेबांना म्हटले, "मला तुमच्या मोठ्या भावांशी बोलायचंय." ओसरीवर खाली मान घालून मी सांगितले की चूक सर्वस्वी माझी आहे, तिने फोटो काढू दिला तो बायकांमध्ये, बाहेर नेला तो मी. तेही जमिनीकडेच बघत म्हणाले, "मास्टरनीजी, आप पराई नहीं हो. पर घर की बात घर में अच्छी." संध्याकाळी ती बाहेर आली, वरातीच्या तयारीला लागली. पण पुन्हा नाचली नाही. आपल्या एका हौसेपायी तिच्या घरातल्या लग्नातला आनंद कमी झाला, ही रुखरुख मला आजही आहे.

फोटो कुणाला विचारून?

त्या रात्री झोप येईना तेव्हा पूर्वी वाचलेल्या गोष्टी आठवत राहिल्या. जयपूरचे महाराज सवाई रामसिंह दुसरे यांना छायाचित्रणाचा मोठा नाद होता. १८८० मध्ये ते वारले. त्याआधी त्यांनी आपल्या जनानखान्यातल्या स्त्रियांचेही फोटो काढून ठेवले. जयपूरच्या राजवाड्याच्या संग्रहालयात त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह आहेत. पडद्यातल्या स्त्रियांचे इतके जुने फोटो, म्हणून त्यांचे कौतुक होते, आणि ते खरेही आहे. पण कॅमेरा राजाचा, घर राजाचे. 'काढू का?' असे त्या स्त्रियांना कुणी विचारले असेल का, असे माझ्या मनात आल्याशिवाय राहिले नाही.

याच्या उलट एक गोष्ट आहे, तीही राजस्थानच्या वाळवंटातलीच. बिकानेर जिल्ह्यातल्या लूणकरणसर इथे २००३ मध्ये उरमूल सेतू या संस्थेने मुलींसाठी बालिका मेळा भरवला होता. गौरी गिल या छायाचित्रकार बाईंनी तिथे एक साधा तंबू उभारला. ज्या मुलीला वाटेल तिने आत यावे, हवे तसे उभे राहावे, मैत्रिणीला शेजारी घ्यावे, आणि मग फोटो. कुणी ताठ उभी राहिली, कुणी हात धरून. त्या फोटोंचे पुढे २०१२ मध्ये पुस्तक झाले. त्यातली प्रत्येक मुलगी स्वतःच्या मर्जीने कॅमेऱ्यासमोर आलेली आहे, हे पाहताक्षणी कळते.

आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि साडी नेसून मोठमोठ्या समारंभांचे फोटो काढत राहिल्या. बाईच्या हातात कॅमेरा असला की पुष्कळ दारे उघडतात. पण दार उघडले म्हणून आतले सगळे बाहेर न्यायचा परवाना मिळत नाही, हे मी पदरचे मोजून शिकले.

तोरण, फेरे आणि कमायचा

तिसऱ्या दिवशी वरात आली. उंट येतील अशी माझी कल्पना; आल्या त्या मोठमोठ्या गाड्या! नवरदेव मात्र वेशीपासून घोडीवर. दाराला लाकडी तोरण बांधले होते, त्यावर रंगीत पोपट. नवरदेवाने घोडीवरूनच तलवारीने त्याला स्पर्श केला आणि मग सासूबाईंनी ओवाळले.

अंगणाच्या कडेला मांगणियार गवई बसले होते. हे लोक धर्माने मुसलमान, आणि त्यांचे यजमान बहुतेक हिंदू. पिढ्यानपिढ्या यजमानाच्या घरचे जन्म-लग्न त्यांच्या गाण्याशिवाय होत नाही, आणि यजमानाची वंशावळ त्यांना तोंडपाठ असते. कमायचा नावाचे त्यांचे वाद्य गजाने वाजवतात. पोट वाटोळे, त्यावर बकऱ्याचे कातडे ताणलेले. आवाज असा खोल की अंगावर काटा यावा. कोमल कोठारी यांनी विजयदान देथा यांच्याबरोबर १९६० मध्ये बोरुंदा गावी रूपायन संस्थान काढले आणि या गायकांना देशाबाहेरच्या रंगमंचापर्यंत नेले. हमीरा गावचे कमायचावादक साकर खान यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली.

या वेळी मी शहाणी झाले होते. कॅमेरा खाली ठेवून विचारले, "फोटो काढू का?" म्हातारे गवई हसले. म्हणाले, "सगळे काढतात, बेटा. पाठवत कुणी नाही." मी त्यांचा पत्ता तिथेच वहीत लिहून घेतला.

फेरे मध्यरात्रीनंतर होते. नवरीचा चेहरा संपूर्ण झाकलेला. शहरातून आणलेला व्हिडिओवाला प्रखर दिवे लावून सगळ्यांना मागे सारत होता. भटजींनासुद्धा "जरा थांबा" म्हणत होता. नाव कशाला ठेवा, आपल्याकडे तरी काय वेगळे? मंगल कार्यालयात अंतरपाट दूर होतो तेव्हा नवरा-नवरी कुणाला दिसतात? आपण अक्षता टाकतो त्या फोटोवाल्यांच्या पाठीवर! मी फ्लॅश बंद केला, लांब बसले आणि होमाच्या उजेडात जे आले ते चारच फोटो काढले. नवरीचे मेंदीचे हात आणि ज्वाळा. नंतर तिला तेच सगळ्यात आवडले.

दादीसांची अट

नवरीची आजी, म्हणजे दादीसा, ऐंशीच्या घरातल्या. आल्यापासून त्यांनी मला फोटो काढू दिला नव्हता. "आमच्याकडे भिंतीवर फोटो लागतो तो माणूस गेल्यावर," असे म्हणायच्या. भिंतीवर खरोखरच हार घातलेले तीन फोटो होते, तिन्ही पुरुषांचे. आधार कार्डावरचा सोडला तर दादीसांचा स्वतःचा चेहरा कुठल्याही फोटोत नव्हता. तरुणपणी घुंगट, आणि म्हातारपणी फोटो काढणार कोण?

पाठवणीच्या सकाळी त्यांनी मला बोलावले. नात शेजारी बसली होती. तिच्याकरवी त्यांनी सांगितले, "आम्हा दोघींचा काढ. उघड्या तोंडाने. पण कागदावर दे. फोनात ठेवायचा नाही, कुणाला पाठवायचा नाही, तुझ्याकडेही ठेवायचा नाही."

उंबऱ्यावर तिरपे ऊन आले होते. आजीने नातीचा हात दोन्ही हातांत धरला आणि कॅमेऱ्याकडे न बघता नातीकडे बघितले. मैत्रिणींनो, मी आजवर काढलेल्या फोटोंत इतका चांगला दुसरा नाही. मग अर्ध्या तासात जीप हलली, बायकांनी पाठवणीचे गाणे धरले आणि मी कॅमेरा पिशवीत घालून चक्क रडून घेतले.

चिंचवडला परत आल्यावर मी ओळखीच्या फोटो स्टुडिओत समोर उभी राहून त्या फोटोच्या दोन प्रती काढून घेतल्या, एक आजीला आणि एक नातीला. स्टुडिओतल्या मशीनमधून आणि माझ्या कार्डातून तो पुसून टाकला. खोटे कशाला बोलू, बोट थरथरले. 'एक प्रत राहिली तर कुणाला कळणार?' असेही मनात आले. पण धाकट्या सुनेचे ते लाल डोळे आठवले आणि पुसले.

बाकीचे फोटो भाभींसमोर बसून निवडले. मला जे कलात्मक वाटत होते, वाळूतली पावले, भिंतीवरची सावली, त्यांना भाभींनी हातही लावला नाही. त्यांना हवे होते ते सगळे भाऊ एका रांगेत, सगळ्या नणंदा एका रांगेत, लापसीची कढई आणि केर-सांगरीची पंगत. "हे लोक पुन्हा एकत्र कधी येणार?" त्या म्हणाल्या. खरंच आहे की! मी ऐंशी फोटो छापून पोस्टाने पाठवले. चार पाकिटात घालून गवईबुवांना.

आणि एक निरोप आला. धाकट्या सुनेने भाभींकडून कळवले होते, तो नाचतानाचा फोटो कार्डात असेल तर एक प्रत हवी. मी तो छापला, पाकिटात घातला, वर चिकटपट्टी लावली आणि भाभी गावी गेल्या तेव्हा त्यांच्या हाती दिला. परत आल्यावर त्यांनी सांगितले, तिने तो पेटीत, बांगड्यांच्या डब्याखाली ठेवला आहे. तिचा फोटो आता तिच्यापाशी आहे.

एवढे लक्षात ठेवा

तुमच्याही शेजारी कुणी परप्रांतातले असतील, त्यांच्या लग्नाला जायचा योग येईल. तेव्हा माझ्यासारखे चुकू नका.

• पहिला दिवस कॅमेरा पिशवीतच ठेवा. घरची रीत, कोण कुणासमोर कसे वावरते, हे आधी समजून घ्या.

• काढायला विचारा आणि दाखवायलाही विचारा. ही दोन वेगळी विचारणी आहेत. 'काढ' म्हणणारीने 'सगळ्यांना दाखव' असे म्हटलेले नसते.

• बायकांच्या बैठकीतला फोटो फोनवर कुणालाही पाठवू नका, स्टेटसला तर मुळीच लावू नका. त्याची किंमत तुम्हाला नाही, तिला मोजावी लागते.

• चेहरा नसला तरी फोटो होतो. मेंदीचे हात, ओवाळणीचे ताट, पाठमोरी ओढणी यांत पुष्कळ काही येते.

• दुपारी उन्हात माणसे उभी करू नका. ओसरीची, दाराची सावली धरा. रात्री आरशाच्या भरतकामावर फ्लॅश मारला तर फोटोभर पांढरे ठिपके येतात.

• वाळूच्या गावी भिंग उघड्यावर बदलू नका. वाळू आधी मऊ ब्रशने झटका, मग पुसा. पदराने पुसाल तर ओरखडे पडतील.

• परत आल्यावर महिन्याच्या आत छापील फोटो पाठवा. 'पाठवते हं' म्हणून विसरणे ही आपली सगळ्यांची सवय आहे.

संपादिकाबाईंनी या लेखासोबत फोटो मागितले होते. मांडण्याचा, तोरणाचा आणि गवईबुवांच्या कमायच्याचा असे तीन दिले आहेत, तेही ज्यांचे त्यांना विचारून. माझ्या मनातले दोन सगळ्यात चांगले फोटो मात्र तुम्हाला दिसणार नाहीत. एक दादीसांच्या उशाखाली आहे आणि एक बांगड्यांच्या डब्याखाली.

गेल्या रविवारी सासूबाईंना म्हटले, "आई, चला, खिडकीपाशी बसा. आज मान वर करून फोटो काढू." त्या आधी 'इश्श' म्हणाल्या, मग उठून नवी साडी नेसून आल्या. तुमच्याही घरात असे कुणी असेल. विचारून तर पाहा!